अर्गांतेचं स्वयंपाकघर

अख्ख्या तोरानोत संगमरवराचा एक टवकाही नसलेलं घर एकच होतं, आणि ते एदेरीनाचं. संगमरवराच्या खाणींच्या डोंगराच्या कुशीतलं ते गाव. तिथल्या पायऱ्या संगमरवराच्या, मोऱ्या संगमरवराच्या, कोंबड्यांना पाणी ठेवायचं भांडंसुद्धा संगमरवराचं. गरिबातल्या गरिबाच्या दाराला राजवाड्याला शोभेल असा उंबरठा. एदेरीना लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं घराचा उंबरठा उखडायला लावला आणि तिथे चेस्टनटची फळी ठोकून घेतली.

सासू म्हणाली, "लाकूड कुजेल, पोरी."

"कुजू दे. बदलू."

पुढे ती फळी दोन-तीनदा बदलावी लागली. दर वेळी तिच्या नवऱ्यानं, अर्गांतेनं, चकार शब्द न काढता बदलली.

एदेरीनाला घरचे आणि जवळचे रीना म्हणत. तिचे वडील खाणीतल्या अपघातात गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्या काळी शिळा डोंगरावरून खाली आणायच्या त्या ओंडक्यांच्या घसरगाडीवर लादून. खाली साबण फासलेली लाकडं टाकत जायचं, मागून जाड दोरखंडांनी धरून ठेवायचं आणि इंचाइंचानं उतरायचं. एका सकाळी दोर तुटला. वर शिंग वाजलं. अवेळी शिंग ऐकू आलं की गावातल्या बायका चुलीवरचं तसंच टाकून दारात येऊन उभ्या राहत. रीनाची आईही उभी राहिली आणि रीना तिच्या ॲप्रनचं टोक धरून. वरच्या सगळ्या खाणींचं काम थांबलं होतं. माणसं ओळीनं खाली उतरत होती, एकेका दारापुढून मान खाली घालून पुढे सरकत होती. शेजारणीच्या दारापुढून ती पुढे गेली तेव्हा शेजारणीच्या तोंडून सुटकेचा हुंदका बाहेर पडला. रीनाच्या दारापुढे ती थांबली.

खाणीतल्या माणसाशी लग्न करायचं नाही, हे तिनं तेव्हाच मनाशी पक्कं केलं. मोठी झाल्यावर ती खाली करारा शहरात शिवणकाम शिकायला गेली. हात चांगला होता आणि जीभही सुईसारखीच होती. कपडे घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला टोचायची ती बहुधा जीभच. मग एका उन्हाळ्यात मरीनाच्या किनाऱ्यावरच्या नाचात तिला अर्गांते भेटला. रुंद खांद्यांचा, पाय जरा चुकीचे टाकणारा आणि चुकला की स्वतःच मोठ्यानं हसणारा. दुसऱ्या नाचाला तिनं विचारलं, "काम काय करतोस?" त्यानं सांगितलं तेव्हा तिचा हात सुटला. पण रात्रभर तिला झोप लागली नाही आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली.

लग्नाआधी तिनं एकच अट घातली. "घरात खाणीचं नाव काढायचं नाही. तिथे काय झालं, कोण काय म्हणालं, काही नाही. मला ऐकायचं नाही."

अर्गांते हसला. "मग मी संध्याकाळी बोलू काय?"

"बाकी जग पडलंय की."

त्यानं शब्द दिला आणि, दुर्दैवानं, तो पाळला.

रोज पहाटे ती त्याचा डबा भरायची. त्यात कधी घेवड्याचं दाट सूप, कधी भाकरीएवढा पाव आणि लार्दोचे, म्हणजे मिठा-मसाल्यात मुरवलेल्या डुकराच्या पांढऱ्या चरबीचे काप, कांदा, टोमॅटो. संध्याकाळी तो मागच्या अंगणातल्या नळावर हात-तोंड धुऊन, कपडे झटकून, पांढरी धूळ बाहेरच ठेवून घरात यायचा. खुर्ची ओढून स्वयंपाकघरात बसायचा. ती काहीबाही बोलत राहायची. कोणाची पँट सैल करायची होती, कोणाच्या मुलीचं लग्न मोडलं, पाववाल्याच्या बायकोनं काय तारे तोडले. तो ऐकायचा, हसायचा, डोळे बारीक करून तिच्या हातांकडे बघत राहायचा. माणूस स्वभावानंच अबोल आहे, असं तिनं हळूहळू धरून टाकलं. त्या नाचातलं मोठ्यानं हसणं वयाबरोबर गेलं असेल. त्यांना मूल झालं नाही. घर शांत होतं, आणि त्या शांततेला ती सुख म्हणायची. पुष्कळदा ते सुखच होतं.

वसंत ऋतू आला की मात्र एखाद्या रविवारी तो म्हणायचा, "चल ना एकदा वर. काम बंद असतं. समुद्र दिसतो तिथून. हवा स्वच्छ असली तर कॉर्सिका बेटसुद्धा दिसतं."

"समुद्र बघायचा तर मी मरीनाला जाईन. पाय बुडवून बघेन."

"तो वेगळा दिसतो."

"पाणी ते पाणी."

मग तो एकटाच समोरच्या डोंगरावर, बेर्जोलाला जायचा, त्याच्या टोळीतल्या फोस्कोकडे जेवायला. फोस्कोची बायको योले दर वेळी रीनालाही बोलावणं धाडायची. रीना जायची नाही. फोस्कोच्या टेबलाशी बसलं की सूप संपायच्या आत खाण सुरू होते, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

वर्षं गेली. अर्गांते निवृत्त झाला. मग हृदयानं दगा द्यायला सुरुवात केली. शेवटच्या हिवाळ्यात तो उशांना टेकून बसलेला असायचा. एका दुपारी रीना त्याच्या पायांवरची रजई सारखी करत होती तेव्हा तो एकाएकी हसला.

"रीना, एकदा वर काय गंमत झाली माहितीये..."

"गप पड. बोललास की दम लागतो तुला."

तो तिच्याकडे बघून हसला, मान हलवली आणि गप्प पडला. पुढे फार दिवस राहिला नाही. ते त्याला दम लागेल या काळजीनं म्हटलं होतं, असं रीना नंतर स्वतःला सांगायची. ते खरंही होतं. पण काळजी नसती तरी तिनं तेच म्हटलं असतं, हेही तिला ठाऊक होतं.

तो गेल्यानंतर दुसऱ्या वर्षीच्या शरदात रीना पाववाल्याकडे उभी होती. पुढे दोन तरुण खाणकामगार फोकाच्चा पाव घेत होते. त्यांच्या बुटांनी दुकानभर पांढरे ठसे उमटले होते.

"सोमवारपासून कुठं?" एकानं विचारलं.

"आतल्या भिंतीला. या महिन्यात अर्गांतेचं स्वयंपाकघर काढायचंय."

रीनाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं त्या पोराची बाही धरली. "कोणाचं स्वयंपाकघर म्हणालास?"

"अर्गांतेचं, सिन्योरा. जागेचं नाव आहे तसं."

"कोण अर्गांते?"

पोरानं खांदे उडवले. "काय माहीत. असेल कोणी जुना."

ती पाव न घेताच घरी आली आणि कोट न काढताच योलेला फोन लावला. "योले, मला एक सांग. अर्गांतेचं स्वयंपाकघर म्हणजे काय?"

 योले म्हणाली, "तुला माहीत नाही? खरंच?"

"माहीत असतं तर विचारलं असतं का?"

"अगं, वर स्वयंपाक करायचा तो. सगळ्या टोळीसाठी. खडकात एक खोबण आहे, तिथे चूल होती त्याची."

"अर्गांते? माझा अर्गांते? त्याला अंडं उकडता येत नव्हतं, योले!"

"घरी येत नसेल," योले हळूच म्हणाली. मग घाईघाईनं, "असं कर, रविवारी ये. आमचा मुलगा दारियो तिथेच मशीन चालवतो, तो तुला वर नेऊन दाखवेल. येताना इकडेच जेवायला या दोघं. ये गं, इतकी वर्षं बोलावतेय."

"येते," रीना म्हणाली.

पण त्या रविवारी ती गेली नाही. सकाळी तयार झाली, जाड तळव्याचे बूट घातले, केसांना रुमाल बांधला. दारियोनं दाराशी हॉर्न वाजवला आणि ती फळीच्या उंबरठ्यावर उभी राहिली ती उभीच. "गुडघा धरलाय रे," तिनं गाडीपाशी न जाताच सांगितलं. "पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी पाऊस होता, रस्ता घसरडा. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं शिवणाचं काम काढलं, जे सोमवारी केलं असतं तरी चाललं असतं. गुडघा, पाऊस आणि शिवण हे सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच कारण नव्हतं. ॲप्रनचं टोक धरून दारात उभी असलेली ती नऊ वर्षांची पोर अजून तिच्या पोटात बसलेली होती आणि ती काही केल्या वर जायला तयार नव्हती.

नोव्हेंबर लागला. एका सकाळी रीनाला स्वतःचाच राग आला. तिनं दारियोला फोन केला. "या रविवारी. हॉर्न वाजवू नकोस, आत ये आणि हाताला धरून बाहेर काढ."

 दारियो म्हणाला, "ये, झिया. नक्की ये." लहानपणापासून तो तिला झियाच म्हणायचा, सख्ख्या मावशीला म्हणावं तसं. तिचं त्यांच्याकडे जाणं-येणं नव्हतं, पण अर्गांतेच्या खांद्यावर बसून तो वाढला होता, त्यामुळे त्याची बायको ती आपोआप मावशी.

रविवारी त्यानं खरंच तिला हाताला धरून गाडीत बसवलं. रस्ता डोंगराच्या अंगावरून नागमोडी चढत होता. रीनानं बराच वेळ डोळे मिटून घेतले होते. गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आणि तिनं डोळे उघडले.

तिच्या मनात इतकी वर्षं एक काळं तोंड होतं, माणसं गिळणारं. इथे काळं काहीच नव्हतं. सगळं पांढरं. चारी बाजूंनी उंचच उंच सरळ भिंती, राक्षसांसाठी बांधलेल्या जिन्यासारखे टप्पे, आणि वर धुतल्यासारखं निळं आकाश. रविवार असल्यानं यंत्रं झोपलेली. कुठेतरी पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. ते सुंदर होतं. हे तिच्या मनातच नव्हतं कधी आलं. तिला त्या सौंदर्याचा संताप आला, आणि मग कळेना की संताप नेमका कोणाचा आला.

"कुठे आहे?" तिनं विचारलं.

दारियोनं टोपी काढली, डोकं खाजवलं. मग हात वर करून दाखवलं. "तो पिवळा खांब दिसतो? त्याच्या वर, साधारण दोन माणसं उंच."

रीनानं पाहिलं. पिवळ्या खांबाच्या वर हवा होती. नुसती हवा, आणि तिच्यापलीकडे खूप लांब नवी कापलेली भिंत.

"तिथे काही नाही."

"नाही. गेल्या गुरुवारी काढली ती भिंत. मी मुकादमाला सांगून जरा लांबवत होतो, झिया, पण किती लांबवणार?"

"मग फोनवर का नाही बोललास?"

"बोललो असतो तर आली असतीस?"

रीना त्या हवेकडे बघत राहिली. बापाचा जीव घेणारा दगड निदान कुठेतरी पडला तरी होता. देऊळ पडलं तर जागा राहते, घर जळलं तर पाया राहतो. खाणीतल्या माणसानं जिथे आयुष्य काढलं ती जागाच गाडीत घालून निघून जाते, हे या गावात जन्म काढूनही तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"त्या दगडाचं काय झालं?"

"चांगला नव्हता. चुलीच्या धगीनं तडे गेले होते, वर काजळी. अशा मालाची भुकटी करतात." दारियो घुटमळला. "एक तुकडा बाजूला काढून ठेवायचा होता मला, पण दुसऱ्या पाळीनं सगळं गाड्यांत भरलं. तुझ्याकडे संगमरवर चालत नाही म्हणून मीही मग फार..."

"भुकटीचं काय करतात?"

"कागदात घालतात, रंगात. टूथपेस्टमध्येही."

रीनाच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. दारियोला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. "म्हणजे माझ्या नवऱ्याच्या स्वयंपाकघरानं कोणीतरी दात घासणार!" आणि मग ती खरंच रडली, टोपी हातात घेतलेल्या दारियोच्या जाकिटाला धरून.

जाण्याआधी तिनं समुद्र कुठून दिसतो ते विचारलं. दारियोनं तिला कडेला नेलं. खाली गाव, त्याच्या खाली शहर, मग बंदर आणि मग एक रुंद, राखाडी, चमकणारा पट्टा. अर्गांते म्हणाला होता तसा तो वेगळा दिसत होता. तिला पाय बुडवून दिसायचा त्यापेक्षा खूप मोठा.

"कॉर्सिका?"

"आज नाही दिसायचं. हवेत दमटपणा आहे."

बेर्जोलाला पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. फोस्को दाराशीच उभा होता, पोटाला योलेचा फुलाफुलांचा ॲप्रन बांधून. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं खाणीनं घेतली होती. उरलेल्या तिनांत त्यानं पळी धरली होती.

"आलीस एकदाची! चाळीस वर्षं जेवण गार होतंय."

"सकाळपासून मला चुलीपाशी फिरकू दिलं नाही याने," योले म्हणाली. "भांडी किती काढलीत ते बघ. चार माणसांचं जेवण, आणि मोरीत बघावं तर लग्नघर."

टेबल खिडकीपाशी होतं. फोस्कोनं खोलगट ताटल्यांत तालियेरीनी वाढली, म्हणजे घेवड्याच्या दाट रश्श्यात शिजवलेल्या पिठाच्या बारीक पट्ट्या. वर लार्दोचा विरघळत आलेला काप. रीनानं पहिला घास घेतला आणि चमचा तसाच धरून बसली.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

"तुझंच," फोस्को म्हणाला. "आणि त्याचं."

"पण यात काहीतरी..."

"रानपुदिना. खाणीच्या कडेला उगवायचा. अर्गांते खुडून त्यात घालायचा."

रीनानं दुसरा घास घेतला. जास्त चांगलं लागत होतं. इतकी वर्षं ती हा पदार्थ करत होती आणि तिचा पुदिना मागच्या अंगणात वाया जात होता.

"सुरुवात कशी झाली?" तिनं विचारलं. खाणीबद्दल तिनं विचारलेला आयुष्यातला तो पहिलाच प्रश्न असावा.

फोस्कोनं खुर्ची पुढे ओढली. "डब्यांवरून भांडणं व्हायची. तुझा डबा सगळ्यांत चांगला. अर्गांते उघडायचा आणि दहा चमचे आत. एका हिवाळ्यात इतकं बर्फ पडलं की डब्यातलं सूप गोठून दगड झालं. तेव्हा तो म्हणाला, आणा सगळ्यांचे डबे. खोबणीत लाकडं पेटवली, भलं मोठं पातेलं ठेवलं आणि सगळं त्यात ओतलं. कोणाचं घेवड्याचं, कोणाचं कोबीचं, दारियोच्या आज्यानं आणलेलं मासळीचं."

"ई!" योले म्हणाली.

"भयंकर होतं. सगळ्यांनी शिव्या घातल्या आणि सगळं संपवलं. दुसऱ्या दिवसापासून तो घरून कच्चंच आणायला लागला. म्हणजे, तुझा डबा आणायचाच, पण खिशात पीठ, घेवडा. रात्री गुपचूप भिजवून ठेवायचा म्हणे, कोठीत, रंगाच्या डब्यांमागे."

"माझा घेवडा लवकर संपायचा," रीना पुटपुटली. "मला वाटायचं दुकानदार मापात मारतो. एकदा त्याच्याशी भांडलेही मी."

"हो! ते भांडण आम्हाला माहितीये!" फोस्कोनं टेबलावर हात मारला. "तू त्याला म्हणालीस, तुझा तराजू चर्चमध्ये नेऊन त्याला आधी पापाची कबुली द्यायला लाव. अर्गांते दुसऱ्या दिवशी वर सांगताना पोट धरून हसत होता. चोर तो स्वतः!"

रीना त्याच्याकडे बघतच राहिली. "हे त्यानं वर सांगितलं?"

"सगळंच सांगायचा. सकाळी आला की आम्ही पहिलं विचारायचो, काल रीना काय म्हणाली? मग तो तुझ्या आवाजात बोलून दाखवायचा. कमरेवर हात ठेवून. असा." फोस्को उठला, कमरेवर हात ठेवले, हनुवटी पुढे काढली आणि बारीक आवाजात म्हणाला, "'पाद्रीबाबा, पँट तिसऱ्यांदा सैल करतेय. पुढच्या वेळी कापड नको, देवळाचा पडदाच घेऊन या!'"

दारियो हसला, योले हसली. रीनालाही हसू आलं. असं आपण म्हणालो होतो हे ती विसरूनच गेली होती. पण हनुवटी पुढे काढायची लकब तिचीच होती. फोस्कोनं ती तिच्याकडून उचललेली नव्हती. त्याची-तिची भेटच कितीशी! ती अर्गांतेकडून आली होती.

"आम्ही सगळे ओळखायचो तुला," फोस्को खाली बसत म्हणाला. "वरची टोळी, खालच्या गाड्यांवरचे, सगळे. काम जड असलं, कोणाचं घरी बिनसलेलं असलं, की अर्गांते एक रीनाची गोष्ट सोडायचा. त्याच्याएवढं बोलणारा माणूस त्या डोंगरावर दुसरा नव्हता."

"बोलणारा," रीना म्हणाली.

"तोंड मिटायचंच नाही. मुकादम ओरडायचा, अर्गांते, दगडाला झोप लागू दे जरा!"

योलेनं ताटल्या उचलल्या आणि ससा आणून ठेवला, बटाट्यांबरोबर भाजलेला. रीनानं थोडा घेतला. घरी तो खुर्चीत बसून आपल्या हातांकडे बघायचा ते तिला दिसत होतं. ती म्हणायची, "काय बघतोस? भूक लागली? होईल इतक्यात." तो पीठ किती, पाणी किती ते बघत असायचा. ती काय बोलते ते मनात साठवून घ्यायचा. रोज संध्याकाळी ते सगळं गोळा करायचा आणि सकाळी वर घेऊन जायचा. तिचं अख्खं घर त्यानं त्या डोंगरावर नेलं होतं आणि डोंगरावरचा खडासुद्धा तिनं घरात येऊ दिला नव्हता.

तिनं वाइनचा ग्लास थोडा वेळ तसाच हातात धरला. मग विचारलं, "फोस्को, खरं सांग. माझ्यावर रागवायचा का? या... न बोलू देण्यावरून?"

"जाऊ दे ना आता," योले म्हणाली.

"मी त्याला विचारतेय."

फोस्कोनं तीन बोटांनी पावाचा तुकडा कुस्करला. "रागवायचा नाही. तुझ्या बापाचं सगळ्यांना माहीत होतं. पण एकदा..." तो थांबला. "एकदा आम्ही एक शिळा काढली. तशी मी परत पाहिली नाही. केवढी मोठी, आणि एक रेघ नाही, डाग नाही. दुधासारखी. कुठे कापायचं ते अर्गांतेनं ठरवलं होतं. सगळे नको म्हणत होते, तो अडून बसला, आणि त्याचंच खरं निघालं. शिळा सुटली तेव्हा माणसं रडली, रीना. आम्ही त्याला खांद्यावर घेतलं. वाइन आली. आणि संध्याकाळी उतरताना तो मला म्हणाला, 'आता मी घरी जाणार, सूप पिणार आणि आज उकडतंय किती त्यावर बोलणार.' हसून म्हणाला. पण मग रस्ताभर काही बोलला नाही."

खिडकीबाहेर कोणाचा तरी कोंबडा अवेळी आरवला. 

"कधीची गोष्ट?" रीनानं विचारलं.

"मे असेल. हो, उकडत होतं."

"कोणत्या वर्षी?"

"तेवढं नाही आठवत गं."

रीना ती संध्याकाळ शोधू लागली. तो दारातून आत आला असेल, केस ओले, कपडे झटकलेले, आतून पेटलेला. तिनं मान वर केली असेल का? त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी असलंच पाहिजे. तो म्हणाला असेल, "आज उकडतंय." आणि तिनं म्हटलं असेल, "खिडकी उघड मग." अशा किती संध्याकाळी होत्या, सगळ्या एकसारख्या. त्यातली ती एक कोणती, हे तिला सापडेना. तिनं ती ओळखलीच नव्हती.

योलेनं तांदळाची गोड तोर्ता कापली, वर दाट पिवळा अंड्या-दुधाचा थर असलेली, आणि रीनाच्या ताटलीत मोठा तुकडा ठेवला. "खा," ती म्हणाली. "रडत रडत खा, चालेल." रीनानं खाल्ला.

त्यानंतर ती दर रविवारी बेर्जोलाला जाऊ लागली. दारियो न्यायला यायचा. ती येताना काहीतरी करून आणायची आणि पहिला घास संपायच्या आत फोस्कोला म्हणायची, "सांग." तो सांगायचा. अर्गांतेनं मुकादमाच्या टोपीत अंडं कसं ठेवलं. संपाच्या दिवसांत तो टेबलावर चढून काय बोलला. कोणा नवख्याला भीतीनं पाऊल उचलेना तेव्हा त्याचा हात धरून, गाणं म्हणत कड्यावरून कसा घेऊन आला. हे शेवटचं तिनं दोनदा सांगायला लावलं. गाणं कोणतं, ते मात्र फोस्कोला सांगता येईना. चाल आठवायची, शब्द नाहीत.

उन्हाळ्यापर्यंत गोष्टी संपल्या. फोस्को तेच ते पुन्हा सांगू लागला. अंडं मुकादमाच्या टोपीतून बुटात गेलं, वाइनची एक बाटली होती तिच्या चार झाल्या. रीनानं चौकातल्या बाकावर बसणाऱ्या जुन्या लोकांना विचारून पाहिलं. एकाला नीट ऐकू येत नव्हतं, दुसरा भलत्याच कोणाला तरी अर्गांते समजून बोलत होता, बाकीचे कबरस्तानात होते. दहा वर्षं आधी विचारलं असतं तर सगळे होते. तो स्वतःच होता.

सप्टेंबरात एका रविवारी कॉफी पिता पिता फोस्कोचे डोळे एकदम चमकले. "अरे! कुत्र्याचं सांगितलं का तुला?"

"कोणत्या कुत्र्याचं?"

"अर्गांतेनं वर एक कुत्रं पाळलं होतं. तीन-चार वर्षं होतं ते. काय एकेक करायचं! एकदा तर..." तेवढ्यात योलेची बहीण नातवंडांसह दारात येऊन थडकली, एकच कल्ला झाला, खुर्च्या ओढल्या गेल्या, आणि फोस्को हसून म्हणाला, "राहू दे, निवांत सांगतो रविवारी. मोठी गोष्ट आहे."

गुरुवारी त्याला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली ती गेली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर रीना त्याला भेटायला गेली. तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. तिनं दारियोला आधीच विचारून पाहिलं होतं. त्याला कुत्र्याचं काहीच माहीत नव्हतं, तो तेव्हा पाळण्यात असेल. योलेनंही ऐकलं नव्हतं.

रीना स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. "फोस्को," ती म्हणाली, "ते कुत्रं."

त्याचे डोळे हसले. त्याला सगळं आठवत होतं, हे तिला स्पष्ट दिसलं. ओठ हलले, घशातून घरघर आली, कपाळावर घाम फुटला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, आणखी एकदा केला. मग डावा हात हळूहळू उचलला आणि तळवा खाली करून, गुडघ्याच्या उंचीवर, हवेत धरला.

"एवढं होतं?" रीनानं विचारलं.

फोस्कोनं मान हलवली. हो, एवढं होतं.